बिनखात्याचे आजोबा

सृष्टीच्या जमाखर्चात निरुपयोगी नग फार काळ बाळगण्याची चाल नाही. बहुतेक प्राण्यांच्या बाबतीत अपत्यजननाचे सामर्थ्य सरले, की पाठोपाठ आयुष्याची सनदही खालसा होते. असे असता मनुष्यजातीतील स्त्रीने पंचेचाळिशी-पन्नाशीच्या सुमारास ते कार्य आटोपल्यावर पुढे आणखी वीस-तीस वर्षे, आणि तीही खणखणीत प्रकृतीने व चढ्या आवाजात, कोणत्या हक्काने जगावे, हा प्रश्न शास्त्रज्ञांना दीर्घकाळ छळीत होता. १९५७ साली जॉर्ज विल्यम्स या अमेरिकन पंडिताने असे सुचविले, की उतरत्या वयात नव्या बाळंतपणाचा धोका पत्करण्यापेक्षा आधीची मुले मार्गी लावणे हेच स्त्रीला अधिक किफायतीचे पडत असावे. पुढे क्रिस्टन हॉक्स या विदुषीने टांझानियातील हाडझा लोकांचा अभ्यास केला, तेव्हा तिला असे दिसून आले, की तेथे घरात नवे तान्हे आले म्हणजे आईचे कंदमुळे खणण्याचे काम मंदावते आणि त्या काळात वरच्या मुलांची पोटे भरण्याची जबाबदारी, हातात काठी घेऊन रानात निघालेल्या आजीबाई उचलतात. २००४ साली तर फिनलंड व कॅनडा येथील अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील जन्ममृत्यूची दप्तरे चाळून संशोधकांनी हिशेबच मांडला, की पन्नाशीनंतर स्त्री जितकी दशके जगली, तितक्या दशकांगणिक तिच्या नातवंडांत सरासरी दोहोंची भर पडली. हा निष्कर्ष मी शेजारच्या एका आजींच्या कानावर घातला, तेव्हा त्यांनी पोळी उलटता उलटता एवढेच विचारले, "दोनच?"

येथवर सर्व यथास्थित होते. परंतु संशोधक ही जात अशी आहे, की जेथे थांबावे तेथे ती थांबत नाही. २००७ साली याच मंडळींनी फिनलंडची दप्तरे पुन्हा एकवार उघडली, आणि या खेपेस आजोबांच्या नावे काय जमा आहे, याची तपासणी केली. निकाल असा लागला, की आजोबा हयात असले काय आणि नसले काय, नातवंडांच्या संख्येत त्यामुळे वाढ झाल्याचा कोणताही पुरावा उपलब्ध नाही. फिनलंडच्या आजोबांनी या निकालावर अपील दाखल केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. आणि महाराष्ट्रातील आजोबांना तर हा निकाल ठाऊक करून देण्यासाठी दप्तरे चाळण्याचीही गरज नव्हती. घरात बाळंतीण आली, की पहिल्या प्रहरातच तो त्यांना तोंडी जाहीर करण्यात येतो: "अहो, तुम्ही जरा बाजूला व्हा बघू."

या आज्ञेचे वैशिष्ट्य असे, की बाजूला म्हणजे कोठे व्हावयाचे, याचा तीत खुलासा नसतो. आजोबा माजघरातून सोप्यावर येतात, तो तेथे दुपटी वाळत घातलेली असतात; सोप्यावरून गॅलरीत जावे, तर तेथे बाळंतिणीला शेकण्याची शेगडी पेटवून ठेवलेली असते; आणि अखेरीस ते वर्तमानपत्र घेऊन जिन्याच्या पायरीवर स्थिरावतात, तेव्हा मालिशवाल्या बाईंना वाट हवी असते.

याच्या उलट, आजींच्या अधिकारकक्षा सुस्पष्ट, सुप्रतिष्ठित आणि वंशपरंपरागत असतात. लेकीला सातवा महिना लागला, की डिंक, खारीक, खोबरे, खसखस आणि मेथी यांची जमवाजमव सुरू होते. तुपात टाकलेला डिंक पोटातल्या कणापर्यंत फुलला पाहिजे, नाहीतर तो लाडवात दाताखाली चिकटतो. अळीव नारळाच्या पाण्यात भिजले पाहिजेत, मग त्यांत गूळ व ओले खोबरे पडले पाहिजे. जेवणानंतर ओवा आणि बाळंतशेप चावून खाल्ली पाहिजे. कानांत कापसाचे बोळे, डोक्याला रुमाल आणि पिण्यास कढत पाणी यांत तिळमात्र सवलत मिळता कामा नये. ही सर्व कलमे कोठे लिहून ठेवलेली नाहीत, आणि म्हणूनच त्यांत दुरुस्ती सुचविण्याची सोय नाही. बाळाकडे वळावे, तर तेथील कारभार याहूनही विस्तृत असतो. पाय लांब करून पाटावर बसलेली आजी त्या मूठभर जिवास आपल्या नडग्यांवर आडवा घेते, डोक्याला गोलाई यावी म्हणून तळहाताने ते चहूबाजूंनी चेपते, नाक बोटांच्या चिमटीत धरून वर ओढते, टाळू भरते, आणि ब्रह्मदेवाच्या हातून घाईत राहून गेलेल्या या किरकोळ दुरुस्त्या आटोपल्या, की त्याला पालथे घालून पाठीवर ऊन पाण्याची धार धरते. त्या वेळी बाळ जो आक्रोश करते, तो ऐकून आजोबा दाराशी येतात, आणि वर उद्धृत केलेली आज्ञा दुसऱ्यांदा बजावण्यात येते.

आता, आजी मदतीसाठी येते असे सर्वत्र समजले जाते; माझे मत थोडे निराळे आहे. मदत ही ती करते, यात संशय नाही, आणि ती हाडे झिजवून करते. परंतु तिच्या येण्यामागे एका जुन्या खटल्याचाही अंश असतो. तीस वर्षांपूर्वी तिने जे मूल वाढविले, ते नीट वाढविले, हा निकाल तिच्या बाजूने कधीच लागून चुकला होता. आणि आता तेच मूल, हातात बालरोगतज्ज्ञांनी दिलेले सूचनापत्रक घेऊन, त्या निकालाची फेरतपासणी मागत उभे राहिलेले असते. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये, अगदी पाणीसुद्धा देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे २००१ पासूनचे म्हणणे आहे. आणि आजींनी तर सहाण, हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, जायफळ, हिरडा व खारीक असा बाळगुटीचा संपूर्ण सरंजाम स्वच्छ फडक्यात बांधून आणलेला असतो. कशाचे किती वळसे द्यावयाचे, हे त्यांच्या मनगटाला पाठ असते. सूचनापत्रक मात्र मिलिलीटरखेरीज दुसरे परिमाण ओळखीत नाही.

"तुला नव्हती का दिली गुटी? काय झालं तुला?"

"काही झालं नाही गं आई, पण डॉक्टर नको म्हणालेत."

"ते डॉक्टर कशावर वाढले, ते विचार एकदा."

हा युक्तिवाद बिनतोड आहे, एवढेच नव्हे तर तो चुकीचाही आहे. आणि या दोन गुणांचा असा संगम मला दुसरीकडे क्वचितच आढळला. मधाचेच पाहा. नवजात बालकास सोन्याने मध व तूप चाटवावे, असे जातकर्म मनुस्मृतीत सांगितलेले आहे, आणि त्यानुसार पिढ्यान्‌पिढ्या बाळांनी मध चाटला. १९७६ साली अमेरिकेत असे उघडकीस आले, की मधात क्वचित आढळणाऱ्या एका जंतूची बीजे वर्षाच्या आतील मुलाच्या आतड्यांत रुजतात आणि त्याचे स्नायू लुळे पाडतात. तेव्हापासून वर्षाच्या आत मध वर्ज्य झाला. म्हणजे मनूची आज्ञा रद्द करण्यास एका सूक्ष्म जंतूची साक्ष पुरेशी झाली. आजींना ही हकिकत सांगितली, म्हणजे त्या मधाची बाटली निमूटपणे कपाटात ठेवतात खऱ्या, पण ती अशा जागी ठेवतात, की येणाऱ्याजाणाऱ्यास दिसावी.

मात्र प्रत्येक तारखेस आजीच हरते, असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने १९९२ साली तान्ह्या मुलास पाठीवर किंवा कुशीवर निजवावे असा सल्ला दिला; त्यापूर्वी कित्येक वर्षे तिकडे मुलांना पालथे निजविण्याची पद्धत होती. आमच्या आजी त्याआधी शेकडो वर्षे मुलांना उताणेच निजवीत होत्या, आणि ही बाब कळताच त्यांनी तो मुद्दा आपल्या बाजूने नोंदवून घेतला. (डोक्याखाली मोहरीची उशी असू नये, हा त्याच सल्ल्याचा उत्तरार्ध त्यांच्या कानांवर अद्याप गेलेला नाही, किंवा गेला असल्यास त्या कानात त्या वेळी कापूस असावा.) चरकसंहितेच्या शारीरस्थानात बालकाची खेळणी कशी असावीत याचे वर्णन आहे: ती रंगीबेरंगी असावीत, नाद करणारी असावीत, वजनाला हलकी असावीत, टोकदार नसावीत, तोंडात जातील अशी नसावीत आणि बालकास भय वाटेल अशीही नसावीत. हल्ली खेळण्याच्या खोक्यावर जी धोक्याची सूचना बारीक अक्षरांत छापलेली असते, तिच्यात याहून अधिक काही नसते. ग्राइप वॉटरची कथा तर आणखी गमतीची आहे. ते १८५१ साली इंग्लंडातील नॉटिंगहॅम येथे विल्यम वुडवर्ड नावाच्या औषधविक्याने सिद्ध केले, त्यात शेपेचे तेल होते, आणि जुन्या पाठात मद्यार्कही होता. म्हणजे आजीची जी बाळंतशेप साहेबाच्या देशात नुसतीच पोटाला बरी म्हणून खपली असती, तीच मद्याच्या संगतीने बाटलीत जाऊन परत आली, तेव्हा सुधारलेल्या घरांतून तिला मानाचे पान मिळाले. त्या काळची बाळे इतकी शांत झोपत, याचे श्रेय कोणत्या घटकाला द्यावयाचे, हा विषय मी येथे काढीत नाही.

या सर्व उलाढालीचा मोबदला काय, असे विचारणारा मनुष्य आमच्याकडे असंस्कृत ठरेल. मुंबई इलाख्याने १९२९ साली प्रसूतीच्या रजेचा व भत्त्याचा कायदा केला, १९६१ साली तो साऱ्या देशाकरिता झाला, २०१७ साली आईची सवेतन रजा २६ आठवड्यांची झाली, आणि केंद्र सरकारच्या नोकरीतील बापास १५ दिवस मिळतात. या साऱ्या कागदपत्रांत आजीचा उल्लेख कोठेही नाही. स्वीडनच्या सरकारने मात्र १ जुलै २०२४ पासून असे ठरविले, की आईबापांना आपल्या पालकरजेच्या भत्त्यातील प्रत्येकी ४५ दिवसांपर्यंतचा हिस्सा दुसऱ्याच्या, म्हणजे उदाहरणार्थ आजीआजोबांच्या, नावे वर्ग करता यावा. म्हणजे तेथे आजोबा सरकारी तनखा घेऊन नातवंड सांभाळतात. फिनलंड हा स्वीडनचा सख्खा शेजारी. तेथील अहवाल यांनी वाचला नसावा.

आता मूळ पुरुषाकडे, म्हणजे जिन्याच्या पायरीवर बसलेल्या गृहस्थाकडे, परत येऊ. निसर्गाने, संशोधनाने आणि सहधर्मचारिणीने ज्याला एकमताने बरखास्त केले आहे, तो मनुष्य स्वस्थ बसत नाही. तो स्वतःकरिता खाते निर्माण करतो. पहिले खाते नामकरणाचे. बाळाचा पहिला रडण्याचा आवाज कानी पडताच घड्याळात किती वाजले होते, ते टिपून ठेवण्याचे काम कोणीही न सांगता आजोबांनी केलेले असते. त्यावरून नक्षत्र, नक्षत्रावरून चरण, चरणावरून आद्याक्षर आणि आद्याक्षरावरून सतरा नावांची सुवाच्य यादी तयार होते. ती यादी मुलगा व सून अत्यंत आदराने घेतात, दोघेही ती वाचतात, आणि बारशाच्या दिवशी आत्या बाळाच्या कानात जे नाव सांगते, ते या यादीत नसते. दुसरे खाते सटवाईचे. जन्मानंतर पाचव्या-सहाव्या रात्री ती येऊन कपाळी विधिलिखित लिहून जाते, म्हणून पूजेत कोरा कागद व लेखणी ठेवण्याचा प्रघात आहे. ही लेखणी पुरविण्याचा मान आजोबांचा. एक आजोबा मला असे ठाऊक आहेत, की त्यांनी त्या रात्री आपले शाईचे पेन धुऊन, नवी शाई भरून आणि निब तपासून ठेवले, कारण सटवाईने इतक्या दुरून यावे आणि ऐन वेळी पेन चालू नये, ही नामुष्की त्यांच्या घराण्याला सोसली नसती.

खरी सत्ता मात्र तिसऱ्या खात्यात आहे, आणि ते खाते जन्माच्या नोंदीचे. १९६९ च्या कायद्यान्वये जन्माची वर्दी २१ दिवसांच्या आत द्यावी लागते. रुग्णालयातून ती परस्पर जाते, हे सर्वांना माहीत असते. तरीही ती गेली की नाही, आडनावातील वेलांटी दीर्घ आहे की ऱ्हस्व, आणि दाखल्याच्या किती प्रती काढाव्यात, या कारणांसाठी आजोबा तीनदा कचेरीत जाऊन येतात, व प्रत्येक वेळी घामाघूम होऊन, पण फार दिवसांत न दिसलेल्या तेजाने परततात. त्यानंतर लसीकरणाचे कार्ड त्यांच्या ताब्यात येते. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, असे टप्पे लाल शाईने भिंतीवरच्या दिनदर्शिकेत भरले जातात, आणि सुई टोचताना बाळ रडले तेव्हा आपणही तेथे होतो, ही गोष्ट पुढे बरेच दिवस सांगितली जाते.

माझे एक स्नेही महसूल खात्यात शिरस्तेदार होते. त्यांची सारी हयात सोलापूर जिल्ह्यातील तालुक्यांत फेरफारांच्या नोंदी तपासण्यात गेली, आणि निवृत्तीनंतर ते पुण्यास स्थायिक झाले. त्यांची कन्या व जामात न्यू जर्सीत एडिसन येथे असतात. कन्येस दिवस गेल्याचे कळले, तेव्हा दूरध्वनीवरून जे निमंत्रण आले, त्याचा मजकूर "आई, तू कधी येतेस?" असा होता, शिरस्तेदारांचा समावेश त्यात अध्याहृत होता, किंवा निदान तसे त्यांनी गृहीत धरले. जाताना प्रत्येकी २३ किलोंच्या दोन बॅगा नेण्याची मुभा होती. पैकी त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, दोन्ही बॅगा व शिरस्तेदारांची एक बॅग डिंक, अळीव, खारीक, बाळंतकाढा, जुन्या सुती पातळांची दुपटी आणि दगडी सहाण यांनी व्यापली; उरलेल्या बॅगेत वरच्या बाजूस शिरस्तेदारांचे कपडे होते, आणि खालच्या बाजूस लाडू होते. यांतील सहाण सोडून बहुतेक सर्व जिन्नस एडिसनमधील ओक ट्री रोडवरील दुकानांत रास्त दरात मिळतात, हे त्यांना पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी कळले. वहिनींनी ते दुकान अथपासून इतिपर्यंत पाहिले, प्रत्येक पुडी हुंगली, आणि "आपला डिंक वेगळा" असा शेरा मारून त्या बाहेर पडल्या.

तेथे यथावकाश नातीचा जन्म झाला. वहिनींनी आपली सत्ता स्थापन केली, आणि शिरस्तेदारांना जाणवले, की परदेशात बेकारी अधिक बोचते. जिन्याची पायरी नाही, वर्तमानपत्र नाही, जन्माची नोंद जावयाने बसल्या जागी करून टाकलेली, आणि लसीची तारीख डॉक्टरांचा भ्रमणध्वनी आपण होऊन कळवितो. शेवटी त्यांना जे पहिले खाते लाभले, ते एका अपघाताने. तिसऱ्या आठवड्यात वहिनींनी ओवा, वेखंड आणि बाळंतशेप यांची धुरी करावयास घेतली. एका निखाऱ्यावर चिमूटभर ओवा पडला, सुगंधी धूर वर चढला, आणि छतावरच्या पांढऱ्या तबकडीने असा कर्णकर्कश आकांत मांडला, की शेजारची दोन दारे उघडली, बाळ दचकून उठले, बाळंतीण "आई, अगं काय केलंस!" म्हणून धावली, आणि वहिनी, ज्यांनी उभ्या आयुष्यात कोणापुढे हार मानली नव्हती, त्या प्रथमच म्हणाल्या, "अहो, तुम्ही जरा इकडे या बघू!" शिरस्तेदार खुर्चीवर चढले आणि टॉवेल फिरवू लागले. धूर पांगला, तबकडी निमाली. त्या दिवसापासून धुरी रोज सायंकाळी होऊ लागली; निखारा पेटण्यापूर्वी खिडक्या उघडावयाच्या, खुर्ची मध्यभागी आणावयाची आणि टॉवेल खांद्यावर टाकून सज्ज उभे राहावयाचे, असा शिरस्ता पडला, आणि या कामी आपल्यावाचून अडते, याची शिरस्तेदारांना जी कृतार्थता वाटली, ती त्यांनी मला लांबलचक पत्राने कळविली.

त्यांचे दुसरे खाते याहून मोठे होते, आणि ते पृथ्वीच्या परिवलनाने त्यांना दिले. उन्हाळ्यात न्यू जर्सीत पहाटेचे तीन वाजतात, तेव्हा पुण्यात दुपारचे साडेबारा झालेले असतात. शिरस्तेदारांचे शरीर एडिसनला पोहोचले, तरी त्यांच्या झोपेची बदली अद्याप मंजूर झालेली नव्हती. रात्री तीनला ते टक्क जागे, भुकेलेले आणि कोणीतरी बोलायला मिळावे अशा मनःस्थितीत असत. आणि नात पोटदुखीने नेमकी त्याच वेळी उठे. बाळंतीण अर्धमेली झालेली, जावई दुसऱ्या दिवशीच्या नोकरीच्या भीतीने डोळे घट्ट मिटून पडलेला, वहिनींचे गुडघे दिवसभराच्या बैठकीने आखडलेले; अशा त्या निर्नायकी प्रहरी शिरस्तेदारांनी कोणाची परवानगी न विचारता नातीस उचलले आणि खांद्यावर घेऊन ते दिवाणखान्यात फेऱ्या घालू लागले. पाठीवर थोपटताना काहीतरी म्हटले पाहिजे, म्हणून ते आठवू लागले, तो असे ध्यानात आले, की आपल्याला एकही अंगाई येत नाही. मुखोद्गत असे त्यांना एकच वाङ्मय होते. त्यांनी मंद स्वरात सुरुवात केली: "गाव नमुना एक, आकारबंद... गाव नमुना सहा, फेरफार नोंदवही... गाव नमुना सात, अधिकार अभिलेख..." गाव नमुने एकूण एकवीस आहेत, आणि त्यांना जोडून १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता आहे, त्यामुळे साहित्याचा तुटवडा पडण्याची भीती नव्हती. पण तशी वेळच आली नाही. आठ-अ या नमुन्यापाशी नातीने जांभई दिली, आणि बाराव्या नमुन्यातील पिकांची नोंद सुरू होताच ती गाढ झोपली. कित्येक वर्षे तालुक्याच्या बैठकांतून याच मजकुराने शिरस्तेदारांनी प्रौढ माणसांना झोपविले होते. पण त्याबद्दल कोणी कृतज्ञता दाखविल्याचे त्यांना स्मरत नव्हते.

हे रोज चालले. आणि मला वाटते, की फिनलंडच्या दप्तरांत जे नोंदविले जाणे शक्यच नव्हते, ते येथे घडले. शिरस्तेदारांची कन्या जन्मली, तेव्हा ते करमाळ्यास होते, आणि वार्ता त्यांना तारेने कळली. पुढेही बदल्या, दौरे, निवडणुका, दुष्काळी कामे. शिवाय वडीलधाऱ्यांच्या समोर स्वतःचे मूल उचलून कौतुक करणे त्यांच्या घरी तेव्हाही जरा अगोचरपणाचेच समजले जाई. त्यांच्या स्मरणात जी मुलगी होती, ती एकदम चालणारी, बोबडे बोलणारी आणि दारात "बाबा, काय आणलंत?" म्हणून उभी असलेली होती. त्याआधीची तिची सारी मिसल गहाळ होती. आता पहाटे तीनला, अडीच महिन्यांच्या नातीची मान तळहातावर तोलून धरताना, त्यांना दिसू लागले, की मूठ उघडायला मूल कसे शिकते, नजर कधी स्थिर होते, आणि हसू येण्याआधी ओठांवर कसली खटपट चालते. पासष्टी उलटल्यावर हा गृहस्थ प्रथमच बाप होत होता. एकदा न्याहारीच्या वेळी त्यांनी वहिनींना सहज विचारले, "अगं, हिची आईही एवढीच होती का?"

वहिनी पोह्यांवर कोथिंबीर भुरभुरत म्हणाल्या, "तुम्हाला काय करायचंय? तुम्ही करमाळ्याला होतात."

यावर शिरस्तेदारांनी काही उत्तर दिले नाही. फक्त त्या रात्री गाव नमुन्यांचे वाचन, एव्हाना पडलेल्या सवयीप्रमाणे सातपासून न करता, पुन्हा एकपासून केले, असे ते लिहितात.

पाहुण्यांच्या परवान्यावर गेलेल्यांस तेथे साधारणतः सहा महिन्यांची मुदत मिळते, आणि बहुसंख्य मराठी घरांनी ही मुदत हाच बालसंगोपनाचा आधार मानला आहे: पहिली सहामाही आईच्या आईबापांची, दुसरी वडिलांच्या आईबापांची, म्हणजे मूल वर्षाचे होईतो पाळणाघराचा खर्च टळतो. शिरस्तेदारांची मुदत संपत आली, तेव्हा जावयाचे आईवडील नागपूरहून दाखल झाले. दोन्ही पक्ष एका घरात आठवडाभर होते. त्या आठवड्यात दोन आजींनी एकमेकींशी जो सुसंस्कृत व्यवहार केला, तो परराष्ट्रखात्याने अभ्यासावा असा होता. "तुमच्याकडे पेजेत तूप नंतर घालतात वाटतं? छान लागत असेल तसंही," अशी वाक्ये जेवताना इकडून तिकडे जात, आणि बाळंतीण व तिचा नवरा आपापल्या ताटात पाहत राहत.

आजोबांचे मात्र पहिल्या दिवसापासून जमले. शिरस्तेदारांनी कार्यभार सोपविण्याची यादी स्वहस्ते करून ठेवली होती आणि व्याह्यांना शेजारी बसवून त्यांनी ती कलमवार समजावून दिली: बाबागाडी मिटविताना कोणता खटका आधी दाबावा, कचऱ्याची निळी पेटी कोणत्या वारी बाहेर ठेवावी, नातीचा उजवा कान पुसताना ती का चिडते, धूरसूचक यंत्राखालील खुर्ची नग एक, टॉवेल नग एक, दोन्ही चालू स्थितीत. शेवटच्या कलमापुढे "पहाटे ३, प्रत्यक्ष दाखविण्यात येईल" असा शेरा होता. व्याही रेल्वेतून स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झालेले. नागपूरच्या वेळेमुळे तेही पहाटे तीनला टक्क जागे होते, त्यामुळे प्रात्यक्षिक त्याच रात्री पार पडले. त्यांनी गाव नमुने लक्षपूर्वक ऐकले, दोनतीनदा मान डोलावली, पण ते पाठ होणे या वयात अशक्य आहे, असे नम्रपणे कळविले.

शिरस्तेदार परत आले, आणि पुढचे काही दिवस त्यांना चैन पडेना. कन्येचा दूरध्वनी आला, की ते आडून आडून एकच चौकशी करीत: रात्रीचे कसे चालले आहे? पहिले दोन दिवस नात व्याह्यांच्या खांद्यावर मुळीच झोपली नाही, हे ऐकून त्यांना जे वाटले, त्यास दुःख म्हणता येणार नाही. तिसऱ्या रात्री मात्र व्याह्यांना आपले स्वतःचे वाङ्मय आठवले. त्यांनी नातीस खांद्यावर घेतले आणि नागपूरहून मुंबईकडे जाणारी गाडी सोडली: वर्धा, पुलगाव, धामणगाव, बडनेरा, मूर्तिजापूर. अकोल्यापर्यंत ती डोळे वटारून जागी असते, शेगावला जरा पेंगते, मलकापूर सोडले की मान टाकते, आणि भुसावळला तिला पाळण्यात उतरवून घेण्यात येते.